‘हे खरे आहे काय?’ : सोलापूरचा प्रश्न मंत्र्यांपुढे लावायचा कसा

अधिवेशन जवळ आले की आमदारांच्या कार्यालयात निवेदनांचा ढीग पडतो. त्यातली बहुतेक निवेदने ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’ या वाक्याने संपतात आणि फायलीत जातात. त्यातून सभागृहात विचारता येईल असा प्रश्न तयार करायला कुणाला तरी बसावे लागते, आणि तेवढा वेळ स्वीय सहायकाकडे नसतो. म्हणून प्रश्न तयार करूनच द्यावा. हे काम कुठल्याही जागरूक सोलापूरकराला जमण्यासारखे आहे, पण त्याचे काही ठरलेले पेच आहेत.

आधी मालक शोधा

प्रश्न चुकीच्या खात्याला गेला तर तो दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो, आणि त्या फिरण्यात अधिवेशन संपते. सिव्हिल हॉस्पिटलचेच पाहा. औषधे नाहीत, यंत्र बंद आहे, की लोक सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांच्या नावे प्रश्न लिहितात. पण ते रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, म्हणजे खाते वैद्यकीय शिक्षणाचे.

पाण्याचेही तेच. उजनी धरणातून कालव्याला किंवा नदीला पाणी कधी, किती सोडायचे हे जलसंपदा विभागाचे. शहराची जलवाहिनी आणि वितरण महापालिकेचे, म्हणून नगरविकास. गावातली नळयोजना पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे. खड्डा तर चार जणांचा असू शकतो: पुणे-हैदराबाद महामार्गावरचा केंद्राचा, राज्यमार्गावरचा सार्वजनिक बांधकामचा, जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरचा ग्रामविकासचा आणि गल्लीतला नगरविकासचा. विडी कामगारांचे किमान वेतन राज्याच्या कामगार खात्याकडे, पण त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पेन्शन केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडे. रेल्वे आणि विमानसेवा थेट दिल्लीला.

मग माणूस. जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा आहेत. खासदार मात्र तालुक्यागणिक बदलतो. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे सोलापूर लोकसभेत. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात. आणि बार्शीकरांचा खासदार धाराशिवचा. शिवाय पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांत सोलापूर येते, त्यामुळे विधान परिषदेचीही वाट आहे. ही वाट लोक विसरतात. आपला आमदार मंत्री असेल तर तिचा खास उपयोग, कारण मंत्री उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही. शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारालाही आपला प्रश्न विचारता येतो, त्यात नियमाची आडकाठी नाही. जमल्यास एकाच प्रश्नाखाली सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरच्या सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. एक जण त्या दिवशी गैरहजर असला तर दुसरा उभा राहतो.

कोणते आयुध

विधिमंडळाच्या भाषेत यांना आयुधे म्हणतात, आणि शब्द बरोबर आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. आकडेवारी हवी असेल, तालुकावार तक्ता हवा असेल, तर अतारांकितच बरा. त्यात कमीपणा मानू नये. तारांकित यादीत वर लागला तरच तोंडी होतो. प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांना लेखी उत्तरावर समाधान मानावे लागते.

अचानक काही घडले, साथ आली, पूल खचला, तर लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली आणि परिषदेत नियम १०१ खाली दिली जाते. तिच्यावर मंत्री निवेदन करतात आणि मग सदस्य प्रश्न विचारतात. आधीच्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट वाटले तर अर्धा तास चर्चा मागता येते, विधानसभेत नियम ९४ खाली. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना असते. शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपात सुचवून एखाद्या खात्याची तक्रार मांडायची ही जुनी युक्ती आहे, पण सोलापूरच्या एका वसाहतीच्या पाण्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही. औचित्याचा मुद्दा, म्हणजे एखादा तातडीचा विषय सभागृहात थोडक्यात मांडणे, बातमीत छान दिसतो. मंत्री त्यावर तिथल्या तिथे उत्तर द्यायला बांधील नसतात, हे ध्यानात ठेवून तो मांडावा.

मसुदा: सगळी मेख इथे आहे

असा प्रश्न विधिमंडळाच्या कार्यालयातच गळतो:

‘सोलापूरकरांना हक्काचे पाणी कधी मिळणार? प्रशासन झोपले आहे काय? हा गलथानपणा शासनाला मान्य आहे काय?’

यात उपरोध आहे, निष्कर्ष आहे, मत मागितले आहे, आणि माहिती एकही मागितलेली नाही. प्रश्नात युक्तिवाद, विशेषणे, आरोप आणि काल्पनिक परिस्थिती चालत नाही. न्यायालयात प्रलंबित असलेले प्रकरण चालत नाही. महापालिकेच्या रोजच्या कारभाराबद्दल थेट विचारले तर ‘ही स्थानिक स्वराज्य संस्थेची बाब आहे’ म्हणून बाजूला ठेवले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे धागा राज्य शासनापर्यंत न्यावा: शासनाने दिलेली मान्यता, शासनाचा निधी, शासन निर्णयातली मुदत, शासनाकडे पडून असलेला प्रस्ताव.

तोच विषय हद्दवाढ भागातल्या एखाद्या वसाहतीसाठी असा लिहावा:

‘सन्माननीय मुख्यमंत्री / नगरविकास मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय :
(१) सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दवाढ भागातील … या वसाहतींच्या पाणीपुरवठा योजनेस शासनाने माहे … मध्ये वा त्यादरम्यान मान्यता दिली, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, या योजनेच्या पूर्णत्वाची विहित मुदत काय होती;
(३) उक्त वसाहतींतील पाणीपुरवठ्याच्या कामांवर आजअखेर किती शासकीय निधी वितरित झाला, किती खर्च झाला व कामाची सद्यःस्थिती काय आहे;
(४) विलंबाबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यातल्या दोन जागा नीट पाहा. पहिली, ‘वा त्यादरम्यान’. मान्यता ३१ मार्चची आणि प्रश्नात एप्रिल लिहिले, एवढ्यावरून खाते ‘हे खरे नाही’ असे उत्तर देऊ शकते. हे दोन शब्द ती पळवाट बंद करतात. अधिवेशनाच्या प्रश्नांच्या याद्या चाळल्या तर ते पानोपानी दिसतील.

दुसरी जागा (३). तिथे मुद्दाम ‘असल्यास’ लिहिलेले नाही. नवशिक्याच्या मसुद्यात (२) पासून (५) पर्यंत प्रत्येक भाग ‘असल्यास’ने आदल्या भागाला बांधलेला असतो. मग खात्यातला कक्ष अधिकारी पहिल्या भागात एक चूक शोधतो आणि उत्तर येते :

‘(१) हे खरे नाही.
(२), (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही.’

दोन ओळींत सगळे गुंडाळले. पण (३) स्वतःच्या पायावर उभा असेल तर (१) नाकारूनही निधीचा आकडा द्यावाच लागतो. म्हणून ज्या माहितीसाठी हा खटाटोप चालला आहे, ती कधीही ‘असल्यास’च्या मागे ठेवू नये.

‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर आले तर उलट खूश व्हावे. कोणता अंश खरा नाही हे मंत्र्याला पुढे सांगावे लागते, आणि पहिला उपप्रश्न तिथेच तयार असतो. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे मात्र टोलवणे आहे. त्यावर सदस्याने अध्यक्षांकडे प्रश्न राखून ठेवण्याची, म्हणजे तो नंतर पुन्हा उत्तरासाठी घेण्याची, मागणी करावी.

एका प्रश्नात एकच विषय. पाणी, कचरा आणि पथदिवे एकत्र घातले तर तिन्हीची मोघम उत्तरे येतात.

सोबत काय जोडावे

शासन निर्णयाची प्रत, त्याच्या क्रमांक-दिनांकासह. तो शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडून सापडतो. फक्त वर्तमानपत्राचे कात्रण जोडले तर पहिला भाग डळमळीत राहतो, कारण बातमीतले आकडे गोल केलेले असतात. कागद मिळत नसेल तर आधी माहिती अधिकारात अर्ज करावा: १० रुपये शुल्क, एक विषय, १५० शब्दांची मर्यादा, आणि उत्तराला ३० दिवस. हे ३० दिवस हिशेबात धरूनच मागे मोजत यावे. अधिवेशने वर्षाला साधारण तीन असतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशनाच्या बातम्या सुरू झाल्यावर धावपळ केली तर तारांकितची मुदत बहुधा टळून गेलेली असते. निदान दोन महिने आधी तयारीला लागावे. लक्षवेधी अधिवेशन चालू असतानाही देता येते.

आमदारांच्या कार्यालयात एकच कागद द्यावा: वर प्रश्न, खाली चार ओळींची पार्श्वभूमी, मागे तीन-चार जोडपत्रे. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पीएच्या मोबाइलवर पाठवावी, म्हणजे पुन्हा टाइप करताना वसाहतीचे नाव चुकणार नाही. चाळीस पानांचा गठ्ठा कुणी वाचत नाही.

लोकसभेसाठी

तिथले गणित काटेकोर आहे. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. ‘पूर्ण’ म्हणजे सूचना दिल्याचा आणि उत्तराचा दिवस सोडून. प्रश्न १५० शब्दांत बसला पाहिजे. एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, क्रम सोडतीने ठरतो, आणि एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित लागतो. मंत्रालयांचे पाच गट करून त्यांना आठवड्याचे पाच वार वाटून दिलेले असतात. म्हणून रेल्वेचा वार कोणता हे आधी पाहायचे आणि मग सूचनेची तारीख धरायची. मराठीतला ‘हे खरे आहे काय’ इथे ‘क्या यह सच है’ होतो, पण तिकडे थेट तपशील मागणारे प्रश्न जास्त चांगले चालतात.

आणि एक. प्रश्न लावून देतो म्हणून कुणी मधला माणूस पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरावे. प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना संसदेतून काढून टाकले होते.

उपप्रश्न

प्रश्न लागल्याचे कळले की सदस्याला तीन उपप्रश्न लिहून द्यावेत, प्रत्येक एका वाक्याचा. भाषण देऊ नये. मंत्र्याला भाषण हवेच असते, कारण त्यातला सोयीचा तुकडा उचलून उत्तर देता येते. प्रत्येक उपप्रश्नात तारीख, रक्कम किंवा जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम यांपैकी एकच मागावे. ‘काम कधी पूर्ण करणार?’ यापेक्षा ‘काम कोणत्या महिन्यात पूर्ण होईल?’ हे बरे, कारण पहिल्याला ‘लवकरात लवकर’ हे उत्तर देता येते. ‘कालबद्ध कार्यक्रम आखू’ म्हटले की काळ किती ते विचारावे.

सांगोल्यातून ११ वेळा निवडून गेलेल्या गणपतराव देशमुखांनी दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय सभागृहात वर्षानुवर्षे लावून धरला. एका अधिवेशनात सुटणारे प्रश्न कमीच असतात. पुढच्या वेळी तोच मसुदा पुन्हा देऊ नये. आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि त्यातली मंत्र्यांची कबुली पकडून पुढची पायरी विचारावी.

उत्तरानंतर

सभागृहात ‘चौकशी करू’, ‘निधी देऊ’, ‘अमुक महिन्यापर्यंत काम पूर्ण करू’ असे शब्द पडले की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ‘तपासून पाहू’ किंवा ‘सकारात्मक विचार करू’ यांचे आश्वासन बनवताना ओढाताण होते, म्हणून उपप्रश्नातच स्पष्ट शब्द काढून घ्यावा. कार्यवाहीची प्रत आमदारांमार्फत मागवून नेमके वाक्य खुणेने ठेवावे, ऐकीव शब्दावर विसंबू नये. लेखी उत्तरात चुकीची माहिती आढळली तर कागद दाखवून सदस्याला ते अध्यक्षांच्या निदर्शनास आणता येते. हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग झाल्याची, भाषा शेवटी काढावी, आधी नाही.

सर्वांत जास्त दिले जाणारे उत्तर म्हणजे ‘सन्माननीय सदस्यांसोबत बैठक घेऊ’. बैठक होते, चहा होतो, आणि तीन महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. म्हणून त्याच वेळी तीन गोष्टी मागाव्यात: बैठकीची तारीख, महापालिका आयुक्त किंवा अधीक्षक अभियंता हजर राहतील का, आणि इतिवृत्त किती दिवसांत मिळेल. इतिवृत्त हाती आल्यावर त्यातले ‘कार्यवाही :’ या शब्दापुढचे पदनाम पाहावे. तिथे कुणाचे नाव नसेल, नुसते ‘संबंधित’ लिहिले असेल, तर ते दुरुस्त करून घेण्यासाठी दुसऱ्याच दिवशी पत्र द्यावे.