मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा सांभाळावा

पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) कारभार बघणाऱ्या समितीची, नवी निवड झाली की सेक्रेटरीच्या गळ्यात मिनिट्स बुकाबरोबर आणखी एक काम पडतं, ते म्हणजे ग्रुपचं ॲडमिनपद. ते कसं करायचं हे कुणी सांगत नाही. मी नगरमधल्या एका मंडळीची सेक्रेटरी आहे आणि हे काम मला पाळकीय सेवेचाच भाग वाटतं. रविवारी उपासनेला येतात त्याहून जास्त माणसं आपला ग्रुप वाचतात. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुलं, लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकी, गुडघेदुखीमुळे चर्चच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या आजी, या सगळ्यांची मंडळी आठवडाभर तीच असते. म्हणून हे थोडं सविस्तर लिहिते आहे.

आधी मांडणी. ग्रुप दोन करा. पहिला फक्त सूचनांचा: उपासनेची वेळ, घरसभा कुणाकडे, संडे स्कूलची सुट्टी. त्यात 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावून टाका. दुसरा सगळ्यांना बोलता येईल असा. ॲडमिन तिघं असावेत, त्यात एक बाई आणि एक तरुण संघातला. पाळकसाहेबांना एकट्याला ॲडमिन ठेवू नका. एखाद्याचा मेसेज काढायची वेळ आली की सगळा रोष त्यांच्यावर येतो आणि पुढच्या रविवारी त्याच माणसाला त्यांनी प्रभुभोजन द्यायचं असतं.

आता प्रार्थना विनंत्या. सगळ्यात जास्त जखमा इथेच होतात, त्याही चांगल्या हेतूने. एकदा रात्री आमच्या ग्रुपवर मजकूर आला: 'आपल्या अमुक बहिणीची मुलगी सासरहून परत आली आहे, तिच्या संसारासाठी प्रार्थना करा.' मुलीचं नावही होतं. ती मुलगी स्वतः ग्रुपवर होती आणि तिची चुलत जाऊसुद्धा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो मी लगेच केला. मग लिहिणाऱ्या बाईंना फोन लावला, कारण मेसेज नुसता गायब झाला तर माणूस दुखावतो. नंतर मुलीच्या आईशी बोलले. त्यांच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी एवढंच टाकलं: 'आपल्यातल्या एका कुटुंबासाठी या आठवड्यात प्रार्थना करावी. त्यांना शांतीची आणि योग्य निर्णयाची गरज आहे.' देवाला नाव ठाऊक आहे, ते ग्रुपला कळायची गरज नव्हती. संध्याकाळी महिला मंडळातल्या एका बाईंना घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

आजारपणाचंही तसंच. टाकण्याआधी घरच्यांना तीन गोष्टी विचारा: सांगू का, किती सांगू, भेटायला लोक आलेले चालतील का. मग नाव, ऑपरेशनचा दिवस आणि फोन कुणाला करायचा एवढं लिहा. रिपोर्टचा फोटो नको, आयसीयूतल्या माणसाचा फोटो तर मुळीच नको. रक्त हवं असेल तर रक्तगट, हॉस्पिटल, संपर्क आणि तारीख लिहा. रक्त मिळालं की तसं कळवा आणि जुना मेसेज काढा. नाहीतर त्या बिचाऱ्या नातेवाइकाला महिनोन्‌महिने फोन येत राहतात. मृत्यूची बातमी घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय टाकू नये. दफनविधीची वेळ ठरली नसेल तर 'वेळ नंतर कळवू' असं लिहावं, अंदाज लिहू नये, कारण त्यावर लोक गाड्या पकडतात.

फॉरवर्ड. आपल्या लोकांचं मन छळाच्या बातमीने लगेच हलतं, आणि ते हलायलाच हवं. 2008 मध्ये ओडिशातल्या कंधमालमध्ये ख्रिस्ती लोकांवर जे हल्ले झाले ते खरंच झाले. म्हणूनच खोट्याची जास्त चीड येते. 'बौद्ध अतिरेक्यांनी भारतात रात्रीत 20 चर्च जाळली, आता ओलिसाबांग प्रांतातली 200 जाळणार आहेत' हा मेसेज गेली कित्येक वर्षं जगभर फिरतो आहे. आपल्या देशात या नावाचा प्रांतच नाही, तरी तो भारतातल्या मंडळ्यांमध्येसुद्धा 'आमेन' घेऊन पुढे जातो. आणि तो वाचून आपल्या गल्लीतल्या बौद्ध शेजाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने बघणार? तारीख नाही, गावाचं नाव नाही, वर दुहेरी बाण (अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण) आहे आणि 'सगळ्यांना पाठवा' असा आग्रह आहे, अशा मेसेजला थांबवा. 1842 साली याच नगरमध्ये 'ज्ञानोदय' हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. छापलेल्या ओळीची जबाबदारी कुणीतरी घ्यायची असते, हे आपल्या मंडळ्यांना तेव्हापासून माहीत आहे.

भांडणं होणारच. बायबलमधल्या मत्तय 18 मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. ग्रुपवर माणूस सरळ तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. नाताळनंतर हमखास येणारा मेसेज घ्या: 'प्रीतिभोजनाचा हिशोब कधी मिळणार?' हा काढून टाकू नका. रास्त प्रश्न डिलीट केला की संशय दुप्पट होतो. एका ओळीत लिहा, 'प्रश्न योग्य आहे, खजिनदार रविवारी उपासनेनंतर हिशोब वाचतील,' आणि त्या रविवारी तो खरोखर वाचला जाईल हे बघा. मग विचारणाऱ्याला फोन करा. व्यक्तीवर चिखलफेक झाली तर मात्र मेसेज काढा आणि दोघांना वेगवेगळं भेटा. रात्री दहानंतर कुठल्याच वादाला उत्तर देऊ नका. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, हे याकोबाने आपल्या बायबलमधल्या पत्रात फोन नसतानाच्या काळात लिहिलं.

दानाचे फोटो आमच्या कमिटीने ठराव करून बंद केले. ब्लँकेट घेणाऱ्या विधवेचा चेहरा ग्रुपवर कशाला? आता फक्त 'इतकी ब्लँकेट वाटली, इतका खर्च आला' असं लिहितो. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच टाका. वर्गणीचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा. पाळकसाहेबांचा फोटो लावून अनोळखी नंबरवरून 'तातडीने पैसे पाठवा' असा मेसेज आला, तर त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

ॲडमिनला तुरुंगात टाकतात या भीतीने काही जण हे काम घेत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, त्यात त्याचा सामायिक हेतू दिसला पाहिजे. तेव्हा ते कारण सांगू नका.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची यादी एका वहीत ठेवा, प्रत्येक नावापुढे त्यांना निरोप देणाऱ्या शेजाऱ्याचं नाव लिहा. कमिटी बदलली की ॲडमिनपदाबरोबर ती वहीसुद्धा पुढच्या सेक्रेटरीच्या हाती द्या.