फोनच्या कॅमेऱ्याने पाण्याचा गढूळपणा कसा मोजायचा

पावसाळ्यात मुठेचं पाणी गढूळ आहे हे डोळ्यांना दिसतं. किती गढूळ, हे सांगायचं तर आकडा एनटीयूमध्ये, म्हणजे गढूळपणाच्या एककात हवा. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात १ एनटीयूपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर ५. फोनवर १ एनटीयूचा निवाडा करू नका, पण नदी-ओढ्याच्या १० ते १०० एनटीयूच्या पाण्यासाठी ही रीत उपयोगी आहे.

झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका आतून मॅट काळा रंगवा. मधोमध सपाट तळाची काचेची बाटली बसवा. एका बाजूने ५ मिमीचा लाल एलईडी आणि त्याच्याशी बरोबर ९० अंशांत कॅमेऱ्याचं भोक. कणांवरून विखुरलेला प्रकाशच मोजायचा आहे, थेट झोत लेन्समध्ये शिरता कामा नये. ५ व्होल्टवर २२० ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण १४ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. हे सामान पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतं. पॉवर बँक टाळा, इतक्या कमी लोडवर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, चार्जर वापरा. लाल रंग अशासाठी, की पालापाचोळ्याने पिवळसर झालेलं पाणी निळा प्रकाश जास्त शोषतं.

सगळ्यात जास्त घोटाळा ऑटो एक्स्पोजर करतो. पाणी गढूळ झालं की फोन स्वतःच फोटो काळसर करतो, म्हणजे मोजायचा फरकच पुसून टाकतो. ओपन कॅमेरासारख्या ॲपमध्ये आयएसओ, शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स पक्के करा, एचडीआर बंद ठेवा. १०० एनटीयूला फोटोतला लाल चॅनल (लाल रंगाची तीव्रता, ० ते २५५) २०० च्या आसपास यावा. २५५ ला टेकला तर आकडा निरुपयोगी.

तुलनेसाठी गढूळपणा माहीत असलेलं प्रमाण द्रावण लागतं, त्यासाठी फॉर्माझिनचं ४००० एनटीयूचं तयार द्रावण विकत घ्या. घरी बनवू नका, त्यात लागणारं हायड्राझीन सल्फेट विषारी असतं. २.५ मिली द्रावण डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली केलं की १०० एनटीयू. त्यातूनच ५०, २० आणि १० करा, आणि त्याच दिवशी वापरा. दुधाचे थेंब पर्याय म्हणून चालत नाहीत, कारण त्याचे कण वेगळ्या आकाराचे असतात.

बाटली सॅम्पलनेच विसळा, भरा, बाहेरून कोरडी पुसा, हळूच दोनदा उलटी-सुलटी करा. बुडबुडे जायला अर्धा मिनिट थांबा, पण जास्त नाही, कारण गाळ बसतो. बाटलीवर खूण करून ती दर वेळी एकाच दिशेला ठेवा. काचेचा ओरखडाही प्रकाश विखुरतो. प्रत्येकी पाच फोटो काढा.

इमेजजे या फोटो मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल चॅनल वेगळा करा, झोताच्या मधल्या १०० × १०० पिक्सेलची सरासरी घ्या, पाच आकड्यांचा मध्यक काढा आणि डिस्टिल्ड पाण्याचा आकडा त्यातून वजा करा. प्रमाण द्रावणांवरून आलेख काढा आणि सॅम्पलचा एनटीयू त्यावरून वाचा. जेपेगमध्ये तो सरळ रेषेत येत नाही, म्हणून दोन बिंदूंवर भागवू नका.

पाणी फार गढूळ असलं की विखुरलेला प्रकाश वाटेतच अडतो आणि आकडा उलट घसरतो. शंका आली तर सॅम्पल डिस्टिल्ड पाण्याने निम्मं करून पुन्हा मोजा. एनटीयूही निम्मा आला नाही, तर आणखी पातळ करा.