एकच सुळका दिसला म्हणून लगेच कर्करोग लिहू नका

लिम्फोमा आणि ल्युकेमियाच्या नमुन्यांतले रिसेप्टर (रोगप्रतिकारक पेशींवरचे, परका पदार्थ ओळखणारे रेणू) तपासायच्या कामाला लागले, तेव्हा मला वाटायचं की रोग ओळखायचा तर रोगाचेच नमुने बघत राहावं. आता मात्र नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आधी निरोगी रक्ताचे आलेख बघायला बसवते.

बी आणि टी या रोगप्रतिकारक पेशी. त्यांतली प्रत्येक पेशी आपला रिसेप्टर व्ही, डी, जे या जनुकतुकड्यांची जुळणी करून घडवते. (बी पेशींत हे उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमू तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.) सांध्यावर डीएनएची काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात, म्हणून त्या भागाची लांबी पेशीगणिक वेगळी. पीसीआर करून (म्हणजे त्या भागाच्या असंख्य प्रती काढून) लांबीनुसार मांडणी केली की निरोगी रक्तात टेकडीसारखी चढत-उतरत जाणारी शिखरांची रांग दिसते. एकाच पेशीची पिलावळ माजली, तर त्या रांगेतून एक सुळका वर येतो.

सुरुवातीला त्वचेच्या एका इवल्याशा तुकड्यात मला असाच देखणा सुळका दिसला आणि मी ‘क्लोनल’ (म्हणजे एकाच पेशीची पिलावळ) असं लिहूनही टाकलं. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “दुसरी नळी कुठंय?” त्याच डीएनएवर पुन्हा पीसीआर केलं, तर तो सुळका गायब! दुसऱ्याच लांबीवर नवा उभा होता. तुकड्यात टी पेशीच मोजक्या होत्या, त्यामुळे हाताला लागेल ती पेशी वाढून मोठी दिसत होती. अहवाल बाहेर गेला नव्हता हे नशीब. तेव्हापासून प्रत्येक नमुना दोन नळ्यांत. दोन्हींत त्याच लांबीवर आला तरच तो सुळका खरा.

आणि खरा क्लोन म्हणजेही कर्करोग नव्हे. विषाणूसंसर्गानंतर सीडी८ टी पेशींचे (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशींचे) मोठे क्लोन दिसतात, वयस्कर माणसांत तर बऱ्याचदा. म्हणून स्लाइड आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा मोजणारी चाचणी) शेजारी ठेवूनच आलेख वाचा. बी पेशींत रिसेप्टरच्या हलक्या साखळीच्या दोन प्रकारांचं, कॅपा-लॅम्डाचं, प्रमाण साधारण दोनास एक असतं. ते एकाच बाजूला पूर्ण झुकलं तर कान टवकारा.

माझा जीव सर्वांत जास्त रमतो तो सीएलएल या बी पेशींच्या ल्युकेमियामध्ये. तिथे रिसेप्टर रोगाची चालही सांगतो. पेशीचं आयजीएचव्ही जनुक (रिसेप्टरच्या जड साखळीचा व्ही तुकडा) मूळ जनुकाशी ९८ टक्के किंवा त्याहून जास्त जुळलं, तर त्याला ‘अनम्युटेटेड’ म्हणतात आणि असा आजार बहुधा लवकर बळावतो. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या काही रुग्णांत रिसेप्टर जवळजवळ सारखेच निघतात. निव्वळ योगायोगाने असं जुळणं फार अवघड. म्हणजे त्या पेशींना एकाच प्रकारच्या प्रतिजनाने (रिसेप्टर ज्याला ओळखतो त्या पदार्थाने) डिवचलं असावं. असे दोन क्रम मी पहिल्यांदा एकाखाली एक लावले, तेव्हा अक्षरं बोटाने तीनदा पडताळून पाहिली होती.

आलेख-क्रम तपासायला आर किंवा पायथन ही संगणकभाषा शिकायचीच आहे, पण ती सहा महिन्यांनी शिकलात तरी चालेल. आधी रोज एक तास पॅथॉलॉजिस्टशेजारी मायक्रोस्कोपला बसा आणि तुमचा आलेख त्यांना दाखवा.