चिंध्या गोळा करताय? मग आधी मशीन बंद ठेवा

टेलरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स झाल्यावर मी एका लेडीज टेलरकडे हाताखाली लागले, हुक-काज, फॉल-पिको असली कामं. रोज संध्याकाळी दुकान झाडलं की पोतंभर कातरण निघायची, खण, इरकल, कॉटन, अस्तर सगळं एकत्र, आणि ते सरळ कचऱ्यात. एकदा विचारलं नेऊ का, तर काका म्हणाले ने की, तेवढाच आमचा कचरा कमी. झालं, दोन महिन्यांत घरात पलंगाखाली पाच गाठोडी आणि आईची रोज कटकट.

पहिली चूक सांगते. भाचीच्या बारशाला दुपटं शिवायला घेतलं, दिसायला छान म्हणून लाल आणि पांढरे तुकडे जोडले, पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी. मीठ टाकून भिजवा असं सगळे सांगतात, मी पण भिजवलं होतं, काही उपयोग झाला नाही. आता मी गडद तुकडा ओला करते, पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबते, फडक्याला रंग लागला की तो तुकडा धुवायच्या वस्तूत नाहीच. आणि कॉटन आधी धुवून, वाळवून घ्यायचंच, नाहीतर नंतर आटतं आणि शेजारचा पॉलिस्टर आटत नाही, मग सगळीकडे चुण्या.

कॉटन की पॉलिस्टर ते कळत नसेल तर दोन धागे काढून जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं, राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. (चिमट्याने धरा, मी बोट भाजून घेतलंय.)

खरं सांगायचं तर या कामात शिवण कमी आणि निवडणंच जास्त. माझा निम्मा वेळ तुकडे वेगळे करण्यात आणि इस्त्रीत जातो, क्लासमध्ये हे कोणी सांगत नाही.

मापाचं बघा. 36 बाय 48 इंचाचं दुपटं हवं आणि चौकोन 6 इंचाचे, तर 48 चौकोन लागतात, पण कापायचे साडेसहा इंचाचे, कारण चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं. लांबीत आठ चौकोन म्हणजे सात जोड, एका जोडाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) जरी चुकलं तरी सात सूत झाले, म्हणजे जवळजवळ एक इंच, आणि मग शेजारच्या ओळीशी कोपरा काही केल्या जुळत नाही. मी पुठ्ठ्याचा एक साचा करून ठेवलाय, त्यावरच कापते. मुंढ्याचे जे गोलसर तुकडे निघतात ते उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरके असतात, ताणले जातात, त्यांच्यावर इस्त्री नुसती दाबायची, घासायची नाही. खणाचे दोरे फार सुटतात म्हणून मागे इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावा आणि त्याचे बटवे करा. अगदी नखाएवढे तुकडे बारीक कातरून टाचण्यांच्या गादीत भरा, उशीत नको, उशी दगडासारखी होते.

हे चौकोन-बिकोन नको वाटत असतील तर आजीची गोधडीची पद्धत. खाली-वर जुनं लुगडं, मध्ये काय असतील ते जुने कपडे, आणि कडेपासून आत आत धावदोरा, टेप कधी हातात नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात ती पण कडेपासूनच सुरू होते, तुकडे दुमडून एकावर एक लावत मध्यापर्यंत जातात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. तुकडा जसा आहे तसा वापरायचा, त्यामुळे वाया फार कमी जातं. मला स्वतःला हे चौकोनांपेक्षा जास्त आवडतं, पण हाताने शिवायचं म्हणजे आठवडे लागतात.

विकायचं असेल तर एवढं ऐका. कापड फुकट म्हणून मी पहिली दुपटी 350 रुपयांना दिली. नंतर घड्याळ लावून बसले तर एकाला 11 तास, म्हणजे तासाला 32 रुपये सुद्धा पडत नव्हते, वर दोरा, अस्तर, लाइट बिल वेगळंच. आता दुपटं फक्त ऑर्डरवर, आईच्या-आजीच्या साड्या घेऊन लोक येतात ते पैशाला का-कू करत नाहीत. एरवी बटवे, एक 40 मिनिटांत होतो.

कातरण मागायला दिवाळीच्या आधी जाऊ नका, टेलरला मान वर करायला वेळ नसतो. नंतर जा, आपलं पोतं घेऊन जा, आणि निवडत बसू नका, सगळं उचला.

रंग जाणाऱ्या लाल तुकड्यांची मी आता तोरणं करते. तोरण कोण धुतंय.