यूकेच्या हॉलमध्ये गेमिंग कन्सोल नेताय? या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की मला ठरलेले फोन सुरू होतात. कुणाचा तरी मुलगा मास्टर्सला इंग्लंडला निघालेला असतो, बॅग काट्यावर तेवीस किलोच्या पुढे गेलेली असते, आई भाजणीचं पीठ काढायला तयार नसते आणि चिरंजीव पीएस५ (प्लेस्टेशन ५) काढायला. "दादा, न्यावा का रे?"

न्यावा. मीही नेला होता. उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या हॉलच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या, खोलीत पहिले अकरा दिवस तो टेबलावर नुसता शोभेला उभा होता. कन्सोल ठणठणीत होता, पण त्या इमारतीचं इंटरनेट आणि तिचे नियम घरासारखे नव्हते. पुढे ज्युनिअर्सच्या खोल्यांमध्ये हेच नाटक दरवर्षी पाहिलं. यातल्या बहुतेक अडचणी विमानात बसण्याआधी हॉलच्या ऑफिसला एक ईमेल टाकून सुटतात, पण तो ईमेल कुणी टाकत नाही.

वाय-फायचा पासवर्ड टाकला की झालं, हा समज

विद्यापीठ स्वतः चालवतं त्या बऱ्याच हॉलमध्ये वाय-फायचं नाव 'एड्युरोम' असं दिसतं. विद्यापीठांचं हे सामायिक जाळं युरोपात सुरू झालं आणि जगभर पसरलं. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप मँचेस्टरच्या कॅम्पसवर आपोआप जोडला जातो, तो याच्याच जोरावर. पण सगळ्यांना एकच पासवर्ड, असा इथे प्रकार नाही. एड्युरोम प्रत्येकाला त्याचं स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड मागतं. या पद्धतीला डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ म्हणतात आणि ती प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा स्विच यांपैकी एकाही कन्सोलला येत नाही. कन्सोलच्या पडद्यावर युजरनेम लिहायला चौकटच नसते. तरी पोरं रात्रभर पासवर्ड बदलून बघतात. मीही बघितले. स्टीम डेक या हातात धरायच्या कन्सोलवाल्यांचं नशीब बरं, त्याच्या पोटात लिनक्स ही संगणकाची प्रणाली असल्यामुळे डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन एड्युरोम जोडता येतं.

खासगी हॉलमध्ये इंटरनेट एखादी बाहेरची कंपनी पुरवते. तिथे वाय-फाय लगेच जोडलं जातं, पण त्यानंतर लॉगिनचं पान उघडावं लागतं. एक्सबॉक्समध्ये ब्राउझर आहे, स्विच असं पान स्वतः दाखवायचा प्रयत्न करतो. पीएस५ मध्ये मात्र सहज उघडता येईल असा ब्राउझरच दिलेला नाही, त्यामुळे 'जोडलं गेलं, पण इंटरनेट नाही' एवढंच दिसत राहतं.

दोन्हीकडे इलाज एकच, कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर त्या यंत्राची ओळख सांगणारा पत्ता, नोंदवणं. फोनवरून किंवा लॅपटॉपवरून विद्यापीठाच्या किंवा त्या कंपनीच्या पोर्टलवर जायचं, 'गेम कन्सोल' किंवा 'अदर डिव्हाइस' असं काही असेल तिथे हा बारा अक्षर-अंकांचा पत्ता भरायचा आणि थोडा वेळ थांबायचं. काही ठिकाणी दहा मिनिटं लागतात, काही ठिकाणी माणूस बसून मंजुरी देतो, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी भरलंत तर सोमवार उजाडणार.

इथे लोक हमखास दोन ठिकाणी अडकतात. पहिली गोष्ट, कन्सोलला पत्ते दोन असतात, एक वाय-फायचा आणि एक लॅन केबलचा. वाय-फायचा नोंदवायचा आणि केबल खुपसायची, मग काही चालत नाही म्हणून हेल्पडेस्कला शिव्या घालायच्या, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. पीएस५ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, सिस्टीम सॉफ्टवेअर, कन्सोल इन्फर्मेशन असं गेलात की दोन्ही पत्ते दिसतात. एक्सबॉक्समध्ये ते नेटवर्क सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात आहेत, स्विचमध्ये सिस्टीम सेटिंग्जमधल्या इंटरनेटखाली. दुसरी गोष्ट अगदीच बारीक आहे. या पत्त्यात ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. 'ओ' कधीच येत नाही, दिसतंय ते शून्य आहे. बी आणि आठ यांची गल्लत मात्र खरोखर होते, म्हणून पडद्याचा फोटो काढा आणि त्यावरून भरा. पत्ते घरूनच, निघण्याआधी टिपून ठेवा, कारण पोहोचल्यावर कन्सोल जोडायला पडदाच नाही अशी वेळ बऱ्याच जणांवर येते.

भिंतीत लॅनचा पोर्ट असेल तर केबलच वापरा. संध्याकाळी सातनंतर अख्खा मजला एकाच वाय-फायवर असतो. पोर्ट मेलेला वाटला तर आधी तीच केबल लॅपटॉपला लावून बघा, काही हॉलमध्ये पोर्ट मागणी केल्यावरच सुरू करतात. आणि दोष कुणाचा हे ठरवायचं असेल तर कन्सोल दोन मिनिटं फोनच्या हॉटस्पॉटवर टाका. तिथे चालला तर कन्सोल निर्दोष, हेल्पडेस्कला तसं लिहा, उत्तर लवकर येतं.

घरचा राउटर नेऊन लावणं

यूट्यूबवर पाहून हा उपाय सुचतो. बहुतेक हॉलमध्ये स्वतःचा राउटर लावायला मनाई आहे आणि त्यामागे कारण आहे. राउटरवरच्या चुकीच्या भोकात केबल गेली, म्हणजे वॅनऐवजी लॅनमध्ये, तर तो इमारतीतल्या इतर यंत्रांनाही आयपी पत्ते वाटायला लागतो आणि शेजारच्या खोल्यांचं इंटरनेट बंद पडतं. आमच्या मजल्यावर परीक्षेच्या आठवड्यात हे झालं. ज्याने केलं तो आपलाच, नागपूरचा. पुढचे दोन महिने स्वयंपाकघरात त्याच्याशी कुणी धड बोललं नाही.

लॅपटॉपवर एड्युरोम जोडून त्याचाच हॉटस्पॉट कन्सोलला देणं तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण अनेक विद्यापीठांना ते चालत नाही. ते कनेक्शन तुमच्या नावावर असतं, हे विसरू नका.

नॅटचा ताप

गेम डाउनलोड होतात, एकट्याने खेळता येतं, पण मित्रांच्या पार्टीत (ग्रुप चॅटमध्ये) आवाज पोहोचत नाही किंवा लॉबीत, म्हणजे सामन्याआधी सगळे जमतात तिथे, घेतच नाही. असं झालं की नेटवर्क टेस्ट करून नॅट टाइप बघा. नॅट म्हणजे अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून इंटरनेट देण्याची पद्धत. प्लेस्टेशनवर ३, एक्सबॉक्सवर 'स्ट्रिक्ट', स्विचवर डी किंवा एफ दिसलं तर गडबड तिथे आहे. हॉलमध्ये शेकडो यंत्रं मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवलेली असतात आणि घरच्या राउटरवर आपोआप दार उघडणारं यूपीएनपी तिथे बंद असतं. कन्सोलच्या सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी हे सुटत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला लिहून विचारा, 'गेमिंगसाठी सार्वजनिक आयपी किंवा ओपन नॅट मिळेल का?' काही जण देतात, काही जण जास्त पैसे घेऊन देतात.

पुण्यातल्या मित्रांबरोबर खेळायचं स्वप्न असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. लंडन ते मुंबई आणि परत, या प्रवासाला सिग्नलला शंभर मिलीसेकंदांहून जास्त लागतात. फुटबॉल, फायटिंग, शूटिंग गेममध्ये ते जाणवतं, पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये नाही.

स्पाइक बस्टर आणि पिनांची भानगड

भारतात आणि यूकेत विजेचा दाब एकच, २३० व्होल्ट. त्यामुळे कन्सोल जळण्याची भीती नाही. फरक आहे पिनेचा. यूकेचा प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो आणि त्याच्या आत छोटा फ्यूज असतो. आपल्याकडची सर्रास होणारी चूक म्हणजे घरचा स्पाइक बस्टर आणि एक अ‍ॅडॉप्टर नेणं, मग त्या एकावर कन्सोल, मॉनिटर, लॅपटॉप, फोन सगळं. हॉलमध्ये खोल्यांची तपासणी होते आणि फ्यूज नसलेले परदेशी बोर्ड बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. आमच्याकडे तर उचलून नेले आणि वर्षाच्या शेवटी परत दिले.

पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एस, एक्स यांची वायर यंत्रातून सुटी होते. तिचं टोक पूर्वी टेपरेकॉर्डरला लागायची त्या दोन भोकांच्या वायरसारखंच असतं. तिथे पोहोचल्यावर 'फिगर एट' वायर मागा, ३ किंवा ५ अँपिअरच्या फ्यूजवाली, स्वस्तात मिळते. अ‍ॅडॉप्टर लोंबकळत ठेवायची गरजच उरत नाही. एक्स्टेंशनही तिथलाच घ्या. त्यावरची मर्यादा १३ अँपिअर, म्हणजे साधारण ३,००० वॉट. खेळताना पीएस५ दोनशेच्या आसपास वॉट ओढतो, तेव्हा त्याचं काही नाही. पण तिथली चहाची किटली एकटीच जवळपास ३,००० वॉट घेते. किटली भिंतीच्या सॉकेटला, बाकी सगळं एक्स्टेंशनला.

टीव्ही लायसन्सचं पत्र आलं की घाबरणं, किंवा फेकून देणं

दोन्ही चुकीचं. यूकेत टीव्ही बघायला लायसन्स लागतं. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं होतं. (कृष्णधवल टीव्हीचं वेगळं, स्वस्त लायसन्स अजूनही मिळतं, हे ऐकून माझे बाबा फार खूश झाले होते.) नुसते गेम खेळायला, नेटफ्लिक्सवर जुने सिनेमे बघायला ते लागत नाही. कुठलीही वाहिनी थेट बघायची असेल किंवा बीबीसी आयप्लेयर वापरायचा असेल तर लागतं, मग पडदा टीव्हीचा असो, फोनचा असो की कन्सोलच्या अ‍ॅपचा. आपल्या लोकांची फसगत इथे होते. कन्सोलवरच्या अ‍ॅपमध्ये भारताची मॅच लाइव्ह लावली की लायसन्स हवं, भारतातून येणारी मराठी वाहिनी थेट लावली तरी हवं. पकडलं गेलात तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

हॉलच्या कॉमन रूमला लायसन्स असलं तरी ते तुमच्या खोलीला लागू नसतं. प्रत्येकाचा करार वेगळा असेल तर प्रत्येक खोलीचं लायसन्स वेगळं. काहीच थेट बघत नसाल तर संकेतस्थळावर तसं कळवून टाका, पत्रं थांबतात.

बॅगेत कन्सोल कसा टाकू नये

पहिला पीएस५ डिस्कवाला असेल तर साडेचार किलो, स्लिम ३.२ किलो, सिरीज एस दोनच्या आत. हातातल्या बॅगेत बसत असेल तर तिथेच न्या. आतली डिस्क काढा. रेस्ट मोडमध्ये नाही, पूर्ण बंद करा. कंट्रोलरमध्ये लिथियम बॅटरी असते, तेही हातातच बरे, आणि पॉवर बँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही. बिल सोबत ठेवा. वस्तू महाग असेल तर निघताना भारतीय कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे परत येताना 'हा तिकडून आणला' असा वाद होत नाही. रांगेचा कंटाळा येतो म्हणून लोक घेत नाहीत.

स्लिमची सुटी डिस्क ड्राइव्ह वेगळी नेऊन तिथे बसवायचा बेत करू नका. ती पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटचं रामायण वर सांगितलंच. घरीच जोडा, एकदा चालवून बघा, चार-पाच गेम आधीच उतरवून ठेवा. त्या अकरा दिवसांत मला तेवढंच पुरलं.

पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) खातं काढताना निवडलेला देश नंतर बदलता येत नाही. भारतीय खात्यावर तिथलं गिफ्ट कार्ड चालत नाही. तिथे कुणी वाढदिवसाला देऊ लागलं तर आधीच सांगा.

जानेवारीत पोहोचणाऱ्यांसाठी एक. बाहेर दोन अंश आणि खोलीत हीटर, अशा वेळी आत आणलेल्या यंत्रात पाणी धरतं. दोन-तीन तास तसाच राहू द्या, मग लावा. आणि जमिनीवर ठेवू नका, हॉलमध्ये सगळीकडे कार्पेट असतं आणि त्यातली धूळ पंख्यात जाते.

दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात जाणं

भाड्यात बऱ्याचदा सामानाचा विमा धरलेला असतो. त्याची कागदपत्रं वाचा. एका वस्तूला किती भरपाई मिळते आणि दार उघडं असताना चोरी झाली तर मिळते का, एवढं बघितलं तरी पुरे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा 'नाही' असतं. कॉमन रूममध्ये टुर्नामेंट झाली की कन्सोल रात्रीच खोलीत आणा. सीरियल नंबर 'इमोबिलाइज' या तिथल्या नोंदवहीत फुकट नोंदवता येतो, पोलीस ती तपासतात.

शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात. रात्री अकरानंतर बहुतेक हॉलमध्ये शांतता पाळायची असते आणि भिंती पुठ्ठ्याच्या. हेडफोन लावला तरी ओरडणारे तुम्हीच असता.

परत निघताना

करार संपतो, बॅगेत जागा नसते, मग अनेक जण कन्सोल तिथेच विकतात. आधी सेव्ह क्लाउडवर गेलेत का बघा, कन्सोल शेअरिंग बंद करा, मग रीसेट. नव्या खोलीत किंवा नव्या हॉलमध्ये नेणार असाल तर जुन्या पोर्टलवरून मॅक अ‍ॅड्रेस काढून टाका, नाहीतर एकाच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीत 'हे यंत्र आधीच नोंदलेलं आहे' असं उत्तर मिळू शकतं. आणि इजेक्टचं बटण दाबा. माझा मित्र सगळं नीट पुसून विकून आला, विमानतळावर आठवलं की नवाकोरा गेम आतच राहिला. घेणाऱ्याला मेसेज केला तर तो म्हणाला, हो, छान आहे, तिसऱ्या लेव्हलला पोचलोय.