सोयाबीन कापायच्या आधी गांधीलमाश्यांची पोळी बघून घ्या

पावसाळा सरता सरता आपल्या इंदूरकडे, सांवेर देपालपूरला, सोयाबीन पिवळं पडायला लागतं आणि नेमकी तेव्हाच गांधीलमाश्यांची पोळी भरलेली असतात, म्हणून कापणीच्या आदल्या दिवशी बांधावरून एक चक्कर मारून या. बोरीची झुडपं, खोपीचे वासे, आणि मोटारीचा स्टार्टर बॉक्स तर नक्कीच. मागच्या साली माझ्या भाच्यानं न बघता बॉक्स उघडला आणि हातावर चार डंख घेऊन पळत आला. मधमाशीचा काटा कातडीत अडकतो, हिचा नाही अडकत, एकच माशी परत परत मारते आणि विषाच्या वासानं बाकीच्या पण चवताळतात, म्हणून तिथंच हात झटकत उभं राहू नका, सरळ लांब निघा.

पण पोळं दिसलं की लाव टेंभा, हे मला अजिबात पटत नाही. दुपारी लांबून मोबाइल झूम करून बघा, माशी तोंडात हिरवी गोळी घेऊन येते, ती चावून मळलेली अळी असते, मग एकेका घरात डोकं घालून पिल्लांना भरवते. स्वतःला तिला घट्ट काही खाता येत नाही, कंबरच तेवढी बारीक, ती फुलांतला रस पिते नाहीतर पिल्लं तोंडातून गोडसर थेंब सोडतात तो चाटते. म्हणजे पिल्लं आहेत तोवर रोज अळ्या टिपणं आलंच, आणि फवाऱ्याला पैसे आपण त्याच अळ्यांपायी घालतो ना!

तर बांधावरच्या झाडाला आहे ते राहू द्या, लाल फडकं बांधा आणि मजुरांना त्यांच्या भाषेत सांगा, इथे ततैया आहे. वाटेतलं किंवा बॉक्समधलं मात्र काढावंच लागतं, ते रात्री, सगळ्या घरी असतात आणि सुस्त असतात तेव्हा, अंगभर कपडे घालून, मेन स्विच बंद करून, जाणत्या माणसाकडूनच. पेट्रोल, आग नको, शेजारी वाळलेलं पीक उभं आहे. नंतर केबलच्या भोकाला जाळी लावा.

डंख लागलाच तर साबणानं धुवा, बर्फ लावा, चुना नको. ओठ, डोळे सुजले, दम लागला की लगेच 108. आणि अंगभर खूप डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्याच, किडनीवर परिणाम दिसायला दोन दिवससुद्धा लागू शकतात.