म्हाताऱ्या लंगड्या घोड्याची नाल उतरवून त्याला रानात सोडताना

माथेरानच्या चढउतारावर, वरातीत किंवा रायडिंग स्कूलमध्ये पंधरा-सोळा वर्षं राबलेला घोडा पुढच्या पायाने लंगडायला लागला की मालकापुढे दोन वाटा असतात. नाल बदलत, दुखणं दाबायच्या गोळ्या देत त्याला ओढत राहायचं, नाहीतर नाल उतरवून रानात सोडायचं. दुसरी वाट बरी. पण तिचा अर्थ नुसता 'सोडून देणं' असा घेतला, तर घोडा दोन महिन्यांत आहे त्याहून जास्त लंगडतो. नालबंद यायचा थांबत नाही. तो आता खिळे ठोकत नाही, कानस चालवतो, एवढाच फरक.

आधी लंगडण्याचं कारण शोधा. पशुवैद्याकडून दोन्ही पुढच्या खुरांचे बाजूने आणि समोरून एक्स-रे काढून घ्या. जुना संधिवात, टाचेकडचं दुखणं किंवा वर्षानुवर्षं चुकीची नाल बसल्याने आवळलेली टाच असेल, तर नाल काढून मोकळं चालू दिल्याने बहुधा आराम पडतो. खुरातलं हाड मोडलेलं असेल, किंवा खुराच्या आत सूज येऊन हाड खाली सरकलेलं असेल, तर नालेला हात लावू नका. हाड सरकलेला घोडा पुढचे पाय लांब टाकून भार मागच्या पायांवर घेतो. लांबून बघितलं तरी ओळखू येतो.

वेळ ऑक्टोबरची धरा. चिखल आटलेला असतो, जमीन अजून मऊ असते, गवत असतं आणि उन्हाळ्यात जमीन तापून कडक होईपर्यंत खुराला सहा महिने मिळतात. जूनमध्ये नाल काढलेला घोडा चार महिने चिखलात उभा राहतो, तळवा भिजून मऊ पडतो आणि खूर कुजायला सुरुवात होते. शक्य असेल तर आधी मागच्या पायांच्या नाला काढा, पुढच्या पायांच्या महिनाभराने.

नाल उपटायची नसते. खिळ्यांची बाहेर वळवलेली टोकं आधी कानशीने पूर्ण घासून टाका. मग टाचेकडून पकड घालून एकदा डावी, एकदा उजवी बाजू थोडी थोडी सैल करा. ओढ नेहमी खुराच्या पुढच्या टोकाकडे आणि आतल्या बाजूला असावी. बाहेर ओढली की भिंतीचा, म्हणजे खुराच्या बाहेरच्या कडक कवचाचा, तुकडा नालेबरोबर निघतो. दुखऱ्या पायाला एकेक खिळा सुटा काढणं उत्तम. त्या वेळी दुसऱ्या पायाखाली जाड रबरी चटई द्या, कारण तेवढा वेळ सगळा भार त्याच्यावर असतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते यानंतरच्या छाटणीत. नालबंदाच्या हाताला नाल बसवायची सवय असते, म्हणून तो सुरीने तळवा खरवडून सपाट आणि पांढराशुभ्र करून देतो. नालेखाली ते चालून जातं. उघड्या खुरात तो तळवाच घोड्याचा जोडा असतो. तळव्याला सुरी लावू नका, मधल्या त्रिकोणी मऊ भागाची फक्त लोंबणारी सालं काढा. भिंत तळव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवा आणि बाहेरची कड ४५ अंशांत गोल घासा. नाहीतर खिळ्यांच्या भोकांपाशी भिंत चिरत जाते. ही भोकं खाली उतरून नाहीशी व्हायला अडीच-तीन महिने लागतात. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे वरून निघालेली नवी भिंत पुढच्या टोकापर्यंत पोचायला ९ ते १२ महिने जातात. तोवर दर ४ ते ६ आठवड्यांनी थोडं घासायचं, एका बैठकीत खूर 'सरळ' करायचा नाही.

पहिले काही आठवडे खडीवर तो जपून, आखूड पावलं टाकील. त्याची काळजी नको. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी रोज बघा. एरवी ती जेमतेम लागते. जोरात उडत असेल, खूर गरम असेल किंवा घोडा तासन् तास पडून राहत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. कालपर्यंत चालणारा घोडा आज एक पाय टेकवतच नसेल, तर बहुतेक वेळा आत पू झालेला असतो. डॉक्टर येईपर्यंत कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून तो पाय वीस मिनिटं बुडवून ठेवा. धनुर्वाताची लस चालू असायलाच हवी.

रानात काळी माती असेल तर पाण्याच्या हौदाभोवती आणि सावलीखाली पंधरा सेंटिमीटर जाडीचा मुरूम दाबून टाका. घोडा दिवसातला बराच वेळ तिथेच उभा राहतो, त्यामुळे खूर कोरडे राहतात आणि आपोआप घासलेही जातात. चारा आणि पाणी मुद्दाम लांब लांब ठेवा म्हणजे चालणं होतं. काटेरी तार नको. कण्हेर, धोतरा, एरंड आणि घाणेरी कुंपणाच्या आत असेल तर मुळासकट काढा. कण्हेरीची वाळलेली पानंही तितकीच जीवघेणी. कोवळी हिरवी ज्वारी चुकूनही खाऊ देऊ नका. सोबत मात्र हवी: दुसरा म्हातारा घोडा, नाहीतर एखादी शेळी. घोडा असेल तर पहिला आठवडा मध्ये कुंपण ठेवून ओळख होऊ द्या.

काम थांबलं की चंदीही (घोड्याचा दाणा) कमी व्हायला हवी, पण दहा-पंधरा दिवसांत हळूहळू; एकदम बदल केला तर पोटशूळ उठतो. ३०० किलोच्या देशी घोड्याला दिवसाला साडेचार ते सहा किलो सुका चारा, २५-३० ग्रॅम मीठ आणि उन्हाळ्यात ४० लिटरपर्यंत पाणी लागतं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात.

गव्हाच्या कोंड्याबद्दल मात्र वाद घालावा लागतो. म्हाताऱ्या घोड्याला चावायला सोपा म्हणून पाट्या भरभरून कोंडा घातला जातो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-नऊपट असतो, म्हणून शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. घोडा पाय बदलून बदलून लंगडतो, चेहऱ्याची हाडं सुजतात आणि दोष उतरवलेल्या नालेला दिला जातो. नेपियरसारख्या गवतातल्या ऑक्झॅलेटनेही (कॅल्शियम अडवून धरणारं द्रव्य) असंच होतं. कोंडा ओंजळभरच ठेवा, लसूणघास द्या आणि चुनखडीची पूड किती घालायची ते पशुवैद्याला विचारा.

गव्हाणीखाली चघळून टाकलेले गवताचे बोळे सापडले तर दात वाढलेत. वर्षातून एकदा ते घासून घ्या. पावसाळ्यात खुराच्या तळातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा रोज कोरून बघा. काळा, घाण वास येणारा चिकटा दिसला की धुवा, कोरडं करा आणि पातळ पोव्हिडोन आयोडीन लावा.

दुखण्यावरचं औषध डॉक्टरच ठरवतील. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात. मेलॉक्झिकॅम त्यांना सुरक्षित आहे. औषध चालू असूनही घोडा उठू शकत नसेल किंवा हौदापर्यंत जात नसेल, तर शांतपणे झोपवण्याचा निर्णय लांबवू नका. इंजेक्शनने झोपवलेल्या घोड्याचं मढं उघड्यावर टाकायचं नसतं. जेसीबीने निदान दोन मीटर खोल खड्डा घ्या, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब.